व्हिसा दीड वर्षाचा, कर्ज दहा वर्षांचे: बारामती-इंदापूरच्या घरांनी हिशेब कसा मांडावा?

समजा, बारामतीच्या एकाच कॉलेजातून एकाच वर्षी पदवी घेतलेल्या दोन मैत्रिणी आहेत. ब्रिटनमधल्या एकाच विद्यापीठात दोघींना एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळाला. पहिली सप्टेंबर २०२५ मध्ये गेली. दुसरीच्या वडिलांच्या कर्जाची कागदपत्रे अडकली, म्हणून ती जानेवारी २०२६ च्या बॅचला गेली. फी तीच, वर्ग तोच, पदवीही तीच. पण पदवीनंतर तिथे राहून काम करायला पहिलीला दोन वर्षे मिळू शकतात, दुसरीला दीडच.

याचे कारण ब्रिटन सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये केलेला नियमबदल. तिथे शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ‘ग्रॅज्युएट’ व्हिसाची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी २४ महिन्यांवरून १८ महिने होणार आहे. पीएचडीवाल्यांची तीन वर्षे कायम आहेत. इथे मोजली जाते ती अर्जाची तारीख, प्रवेशाची नव्हे. आणि विद्यार्थ्याने अभ्यासक्रम पूर्ण केला असे विद्यापीठाने तिथल्या गृह खात्याला कळवल्याशिवाय अर्ज करता येत नाही. म्हणजे पहिल्या मैत्रिणीचा एखादा विषय राहिला किंवा प्रबंधाचा निकाल लांबला, आणि डिसेंबर २०२६ उलटला, तर तिचेही सहा महिने गेले.

निमगाव केतकीच्या किंवा सणसरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. कालव्याचे आवर्तन जाहीर होते सगळ्यांसाठी, पण पाणी कुणाला किती मिळणार हे आपले शेत वरच्या अंगाला आहे की टेलला, यावर ठरते.

हा व्हिसा म्हणजे नेमके काय?

शिक्षणासाठी मिळतो तो विद्यार्थी व्हिसा. नोकरी देणाऱ्या कंपनीच्या जोरावर मिळतो तो कामाचा व्हिसा. या दोहोंच्या मधला पूल म्हणजे शिक्षणोत्तर काम व्हिसा. ब्रिटनमध्ये या मुदतीत कंपनीच्या हमीपत्राची गरज नसते, पगाराची अट नसते, जवळपास कोणतेही काम करता येते. मात्र हा व्हिसा वाढवून मिळत नाही. मुदत संपायच्या आत ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसावर जायचे, नाहीतर परतायचे.

पुलाचे पलीकडचे टोकही उंच होत चालले आहे. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड झाला. नुकतीच पदवी घेतलेल्यांना सवलत आहे, पण त्यांनाही साधारण ३३,४०० पौंड लागतात आणि काम पदवी पातळीचे असावे लागते. शिवाय ही सवलत जास्तीत जास्त चार वर्षांची, आणि त्यात ग्रॅज्युएट व्हिसावरचा काळ धरला जातो. गोदामात किंवा सुपरमार्केटमध्ये पूर्णवेळ राबून घरभाडे निघते, पण त्या कामावर पुढचा व्हिसा मिळत नाही. दीड वर्षात मिळवायची ती नोकरी नुसती नोकरी नाही. अमुक पगाराची, अमुक दर्जाची आणि परवानाधारक कंपनीतली हवी.

हे सगळे फुकटही नाही. २०२५ मध्ये ग्रॅज्युएट व्हिसाची फी ८८० पौंड आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड होता. दोन वर्षांचे धरले तर २,९५० पौंड, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. जवळपास शंभर टन उसाचे पैसे, तेही तोडणी-वाहतूक वजा करण्याआधीचे, नुसत्या या एका अर्जाला लागतात. विद्यापीठाची फी त्यात नाही.

तो सारखा बदलतो का?

कारण तो विद्यार्थ्यांच्या कल्याणासाठी नसतोच. ब्रिटनचाच इतिहास पाहा. २००८ मध्ये तिथे अशा व्हिसाची व्यवस्था देशभर आली. एप्रिल २०१२ मध्ये ती बंद झाली. भारतीय विद्यार्थ्यांची संख्या घसरली, विद्यापीठांनी ओरड केली, २०१९ मध्ये नवी घोषणा झाली आणि १ जुलै २०२१ रोजी आजचा ग्रॅज्युएट व्हिसा सुरू झाला. विद्यार्थी इतके वाढले की जानेवारी २०२४ पासून शिकवणीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला येणाऱ्यांना जोडीदार-मुले सोबत आणायला बंदी आली. आता मुदतीला कात्री. सतरा-अठरा वर्षांत दिले, काढले, परत दिले, कमी केले.

यामागचे गणित साधे आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची पदवीची फी सरकारने बांधून दिलेली आहे. त्या फीत विद्यापीठाचा खर्च भागत नाही, म्हणून परदेशी विद्यार्थी हवेत. त्यांच्या फीला तशी मर्यादा नाही. परदेशी विद्यार्थी यावेत म्हणून पदवीसोबत ‘दोन वर्षे काम’ ही सवलत जोडली जाते. दुसरीकडे स्थलांतरितांची संख्या कमी करू, असे प्रत्येक पक्ष मतदारांना सांगतो. विद्यापीठांची गरज वाढली की सवलत वाढते, निवडणुकीचा ताप वाढला की ती आटते. या दोन्हींत बारामतीच्या विद्यार्थ्याचा विचार कुठे येत नाही, आणि तो यावा अशी अपेक्षा धरण्यातही अर्थ नाही. त्यांचा देश, त्यांचे नियम. तक्रार करायची ती आपल्याकडे हा व्हिसा ज्या पद्धतीने विकला जातो त्याबद्दल.

इतर देशांत काय चित्र?

अमेरिकेत पदवीनंतर बारा महिने काम करता येते, त्याला ‘ओपीटी’ म्हणतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या शाखांना आणखी २४ महिने. पण ही सोय तिथल्या संसदेने कायदा करून दिलेली नाही, सरकारी नियमावलीतून आलेली आहे. नियमावली बदलणे कायदा बदलण्यापेक्षा सोपे असते. पहिल्या बारा महिन्यांत ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. पुढचा एच-१बी व्हिसा सोडतीवर, आणि त्याच्या वर्षाच्या जागा ८५ हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचा भार जाहीर झाला. अमेरिकेतच विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना तो लागू नाही, असा खुलासा महिन्याभराने आला. मधला महिना अनेक घरांत कसा गेला असेल, याची कल्पना करता येते. २०२४-२५ मध्ये अमेरिकेत मोजल्या गेलेल्या सुमारे ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थ्यांपैकी जवळपास १ लाख ४३ हजार प्रत्यक्षात ओपीटीवर होते, म्हणजे दहांतले चार. इतक्या जणांचा पुढचा दिवस एका नियमावलीवर अवलंबून आहे.

कॅनडाने २०२४ मध्ये एकाच वर्षात बरेच दरवाजे अरुंद केले. विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम खासगी संस्थेत चालवणाऱ्या ठिकाणी १५ मे २०२४ नंतर प्रवेश घेणाऱ्यांचा काम परवाना बंद झाला. नोव्हेंबरपासून इंग्रजी किंवा फ्रेंचची परीक्षा आणि कॉलेज पातळीच्या अभ्यासक्रमांना ठरावीक शाखांची अट आली. त्या शाखांत शेती व अन्नप्रक्रिया आहे, हे शारदानगरच्या कृषी महाविद्यालयातल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून या व्हिसाची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ५० वरून ३५ वर आणली. भारताशी झालेल्या व्यापार करारामुळे भारतीय पदव्युत्तरांना तीन वर्षांची मुदत मात्र टिकली. दोन देशांच्या करारातली सवलत एकतर्फी काढणे अवघड जाते, हा यातला शिकण्यासारखा भाग. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र आहे. तिथली खरी फी म्हणजे जर्मन भाषा.

मग बारामती-इंदापूरचा प्रश्न वेगळा कसा?

पुण्या-मुंबईच्या पगारदार घरातला मुलगा परदेशी जातो तेव्हा तारण म्हणून फ्लॅट असतो आणि महिन्याच्या महिन्याला पगार येत असतो. इथल्या घराची श्रीमंती जमिनीत असते, आणि शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर नेमकी तीच चालत नाही. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात. पण थकीत कर्जाची वसुली ज्या ‘सरफेसी’ कायद्याने होते त्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून बँका ती तारण घ्यायला नाखूश असतात. त्यात सातबाऱ्यावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा आधीच असतो. पाच एकर बागायत असलेला माणूस बँकेत जातो आणि शेवटी गावातल्या घरावर, बारामतीतल्या एखाद्या एनए प्लॉटवर किंवा मेव्हण्याच्या फ्लॅटवर बोलणी येऊन थांबते.

तेही जमले नाही तर बिगर-बँक वित्तसंस्था विनातारण कर्ज देतात. व्याजदर जास्त असतो, आणि बऱ्याचदा शिक्षण चालू असतानाच व्याजाचा काही भाग दरमहा भरावा लागतो. केंद्र सरकारची पीएम-विद्यालक्ष्मी योजना विनातारण कर्ज देते खरी, पण ती देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे. परदेशी शिक्षण त्यात बसत नाही.

दुसरा फरक पैसा येण्याच्या वेळेचा. हप्ता दर महिन्याला जातो. उसाचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो. कायद्याने गाळपानंतर चौदा दिवसांत बिल मिळायला हवे, पण कारखाने पहिली उचल, दुसरा हप्ता, दिवाळीचे फरकबिल अशा तुकड्यांत पैसे देतात, हे माळेगाव-सोमेश्वरपासून भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगरपर्यंतच्या सभासदांना सांगण्याची गरज नाही. अडसाली ऊस तर सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. ब्रिटनचा नवा व्हिसा बरोबर तेवढाच आहे: एका अडसाली पिकाएवढा.

परदेशी जाणाऱ्याच्या खात्यात पैसे दाखवावे लागतात, तेव्हाही ही अडचण येते. ब्रिटनला फी आणि नऊ महिन्यांच्या राहणीखर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. ज्या घरात पैसा हंगामात येतो आणि लगेच वाटला जातो, तिथे ही रक्कम पाहुण्या-रावळ्यांकडून हातउसनी गोळा होते. ती ‘फक्त दाखवायला’ असते असे म्हणतात. पण मुलगा तिकडे पोहोचल्यावर ती परत करावी लागते आणि खात्यात खरे पैसे किती होते हे तेव्हा कळते.

‘तिथे कमावून फेडू’ हे कितपत खरे?

घराघरांतला हा मुख्य युक्तिवाद, म्हणून इथे थोडे थांबू. समजा ३० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने काढले. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असते. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असे धरले तर एक वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर आणि एक वर्षाच्या सवलतीनंतर देणे ३६ लाखांच्या आसपास जाते. ते दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे ४७,६००. पंधरा वर्षांत फेडायचे तर सुमारे ३८,७००.

आता जानेवारी २०२६ ला गेलेल्या त्या दुसऱ्या मैत्रिणीचे कॅलेंडर काढा. अभ्यासक्रम जानेवारी २०२७ ला संपला. निकाल लागून, अर्ज करून व्हिसा मार्च-एप्रिलमध्ये हातात आला. अठरा महिने म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर २०२८ पर्यंत. पहिला हप्ता सुरू होणार फेब्रुवारी २०२८ ला. म्हणजे १२० हप्त्यांपैकी आठ-नऊ हप्ते या व्हिसाच्या मुदतीत पडतात. दोन वर्षे मिळालेल्या पहिल्या मैत्रिणीचेही चौदाच्या आसपासच पडतील. बाकीचे शंभरावर हप्ते पुढच्या नोकरीवर आहेत, आणि ती नोकरी मिळेल याची हमी ना विद्यापीठ देत, ना कन्सल्टंट, ना व्हिसा.

हप्ता सुरू होण्याआधीच्या महिन्यांत ती काही शिल्लक टाकू शकेल, हे खरे. चांगली नोकरी पहिल्या तीन महिन्यांत मिळाली तर बरीच टाकेल. पण वर्षाला ३० हजार पौंड पगार असेल तर कर आणि विमा जाऊन हातात महिन्याला साधारण दोन हजार शंभर पौंड येतात. त्यात खोली, प्रवास, जेवण भागवून ४७ हजार रुपये इकडे पाठवणे जमते, पण ओढूनताणून. मुलाखतींसाठी सुट्टी घेतली, दोन महिने रिकामे गेले, की शिल्लक संपते.

म्हणून हिशेब उलट्या टोकाने मांडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षणोत्तर व्हिसा शून्य महिन्यांचा आहे असे धरा. मुलगी पदवी घेऊन सरळ पुण्याला परत आली आणि हिंजवडीत, चाकणला किंवा बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला लागली, तर हप्ता तिच्या पगारात आणि घरच्या हातभारात बसतो का? बसत असेल तर खुशाल जावे. मग तिकडे दीड वर्ष मिळाले तर ती वरकड. बसत नसेल तर कर्जाचा आकडा कमी करा, देश बदला, स्वस्त विद्यापीठ बघा, किंवा दोन वर्षे इथे नोकरी करून मग जा. ४७,६०० चा हप्ता वर्षाला पाच लाख एकाहत्तर हजार होतो. एफआरपीच्या दराने तो १६० टन ऊस आहे. एकरी चाळीस टन धरले तर चार एकरांचे सगळे उत्पन्न. बेणे, खत, मजुरी, तोडणी यातले काहीही न कापता. पुण्याचा पगार कमी पडला तर उरलेला हप्ता याच चार एकरांतून जाणार आहे.

असा विचार केला तर कुणी जाईल का?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. ज्यांच्याकडे पैसा आहे तेच जोखीम घेतील आणि कोरडवाहू घरातला मुलगा मागे राहील, असे यातून होऊ शकते. काही जणांचे भले या व्हिसानेच झाले, हेही खरे. दोन वर्षांच्या मोकळिकीत चाचपडत चांगली नोकरी मिळवलेले, भावंडांना शिकवलेले, गावाकडे घर बांधलेले लोक आपल्या ओळखीत आहेत. पण त्यांच्या वेळी नियम कोणते होते, पगाराची अट किती होती, हे न विचारता त्यांचा फोटो आजच्या मुलापुढे ठेवणे चूक आहे.

मराठी माणसाच्या परदेशी शिक्षणाचे सर्वांत मोठे उदाहरण तर अगदी वेगळ्या करारावर उभे आहे. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. अट होती परत येऊन बडोदा संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याची. १९१७ मध्ये ते आले, बडोद्यात रुजू झाले, आणि जातीमुळे त्या शहरात राहायला जागा मिळेना म्हणून त्यांना ते सोडावे लागले. पुढे १९२० मध्ये राहिलेले शिक्षण पुरे करायला ते लंडनला गेले तेव्हा शाहू महाराजांची मदत झाली, मित्राकडून कर्ज घ्यावे लागले. तेव्हाच्या करारात परत येणे सक्तीचे होते. आजच्या कर्जात तिकडे राहणे सक्तीचे होऊन बसले आहे. फरक एवढाच की तेव्हा पैशाची जोखीम संस्थानाने घेतली होती. आज ती बापाच्या घरावर आहे.

ही जोखीम काही प्रमाणात सरकार अजूनही घेते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. मराठा समाजासाठी ‘सारथी’मार्फत, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागामार्फत अशाच योजना आहेत. जागा थोड्या आहेत, चांगल्या क्रमांकाच्या विद्यापीठातला प्रवेश लागतो आणि जाहिरात वर्षातून एकदाच येते. तरी कर्जाच्या अर्जाआधी हा अर्ज व्हायला हवा. प्रत्यक्षात अनेकदा आधी एजंटने सुचवलेल्या विद्यापीठाची अनामत भरली जाते आणि ते विद्यापीठ या यादीत बसत नाही, हे नंतर कळते.

ज्यांना पदवीपेक्षा तिकडच्या कामाचा अनुभवच हवा आहे, त्यांच्यासाठी एक कमी खर्चाची वाटही आहे. ब्रिटनच्या ‘यंग प्रोफेशनल्स’ योजनेत १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांना दोन वर्षे तिथे राहून काम करता येते. वर्षाला तीन हजार जागा, निवड सोडतीने. सोडतीत नाव टाकायला पैसे लागत नाहीत, लाखोंची फी भरून तिथली पदवी घ्यावी लागत नाही. नंबर लागेलच असे नाही, पण न लागल्याने घर गहाण पडत नाही. कन्सल्टन्सीच्या माहितीपत्रकात ही योजना सहसा का दिसत नाही, याचे उत्तर पुढच्या मुद्द्यात आहे.

कन्सल्टंटला पैसे कोण देतो?

बहुतेक ठिकाणी ‘आमचा सल्ला मोफत’ असे सांगितले जाते. तो मोफत असतो, कारण पैसे विद्यापीठ देते. प्रवेश झाला की पहिल्या वर्षाच्या फीतला ठरावीक हिस्सा एजंटला मिळतो. यात बेकायदा काही नाही. पण ज्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळते तो तुमचा सल्लागार नाही, विद्यापीठाचा विक्रेता आहे, हे घराने ओळखून वागावे. बियाण्याच्या दुकानदाराला कोणते बियाणे चांगले असे विचारल्यासारखे ते आहे. चांगला दुकानदार खरे सांगतोही. तरी आपण शेजारच्या रानातले पीक बघूनच घेतो.

पंजाबने अशा व्यावसायिकांसाठी परवान्याचा कायदा केला, त्यात परदेशी शिक्षणाचे सल्लागार येतात. महाराष्ट्रात तसा वेगळा कायदा नाही. कुणीही गाळा भाड्याने घेऊन, झेंड्यांची पाटी लावून बसू शकतो. परवाना आल्याने फसवणूक थांबते असे नाही; पंजाबातही ती थांबलेली नाही. निदान कोणत्या विद्यापीठाकडून किती कमिशन मिळते हे प्रवेशाआधी लेखी द्यायची सक्ती करावी, आणि ‘दोन वर्षांचा वर्क व्हिसा पक्का’ अशी जाहिरात करणाऱ्याला दंड व्हावा. पक्का हा शब्द ब्रिटनचे गृह खातेही वापरत नाही.

बँकांनी काय करावे?

इंग्लंडमधल्या स्थानिक मुलाचे शैक्षणिक कर्ज कसे फेडले जाते ते पाहण्यासारखे आहे. २०२३ पासून पदवीला आलेल्यांचा पगार वर्षाला २५ हजार पौंडांच्या वर गेला तर वरच्या रकमेचे ९ टक्के कापले जातात. पगार नसेल तर हप्ता नाही. त्याच वर्गात त्याच्या शेजारी बसलेल्या आपल्या मुलीला मात्र पगार असो वा नसो, तारीख आली की पूर्ण हप्ता. आपल्या सरकारी बँकांनी लगेच तशी योजना आणावी, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण पदवीनंतरची एक वर्षाची सवलत नोकरी मिळेपर्यंत, जास्तीत जास्त दोन वर्षे अशी करणे आणि पहिली तीन वर्षे हप्ता कमी ठेवून पुढे वाढवणे हे अशक्य नाही. ज्या बँका उसाच्या बिलाच्या तारखेनुसार पीककर्जाची वसुली ठरवतात, त्यांना हंगामी उत्पन्न म्हणजे काय हे कळते. हमीदार शेतकरी असेल तर वार्षिक हप्त्याचा पर्याय त्यांनी द्यायला हवा.

बाकी काम इथल्या महाविद्यालयांचे आहे. तुळजाराम चतुरचंद, विद्या प्रतिष्ठान, शारदानगरच्या संस्था यांच्याकडे माजी विद्यार्थ्यांचे मोठे जाळे आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगासाठी ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टला सोबत घेतले. ज्या गावाला ऑक्सफर्डशी असा थेट व्यवहार करता येतो, तिथल्या मुलांना प्रवेशाची माहिती गाळ्यातल्या पाटीवरून मिळावी, हे पटत नाही. प्रत्येक संस्थेने परदेशी गेलेल्या आपल्या मागच्या पाच बॅचची साधी नोंद ठेवावी: कुठे गेले, किती कर्ज काढले, शिक्षणोत्तर व्हिसा संपला तेव्हा काय करत होते, परत आले असतील तर आज कुठे आहेत. नावे नकोत, आकडे पुरेत. ती नोंद होईपर्यंत, जाणाऱ्या मुलांनी तिकडून आलेल्या किंवा तिकडे असलेल्या दोघा-तिघांना फोन करावा, आणि पगार किती हे विचारण्याआधी पहिले सहा हप्ते कुणाच्या खात्यातून गेले ते विचारावे.